थोरल्या दिराला नाव ठेवायचं आहे

४ जून
धाकट्या भावाची नवी बायको अयझादा रविवारच्या जेवणात मला नाव ठेवणार, हे नक्की झालं. चहा ओतता ओतता आईनेच सांगितलं. आमच्याकडे सून सासरच्या थोरांचं खरं नाव तोंडातून काढत नाही. आपल्या मनाचं ठेवते, मग गावही तेच म्हणतं. मला कसली भीती? माझं नाव अर्स्तान, म्हणजे सिंह. त्याच तोलाचं काहीतरी ठेवील.

५ जून
शेजारच्या तोकोनला त्याच्या भावजयीने 'दारामागे' ठेवलं. तीस वर्षं झाली. पेन्शनचा कारकूनसुद्धा म्हणतो, "दारामागे, इथे सही करा." जेवलो नाही. पोट जड होतं, भीती नव्हे.

दुपारी
या रीतीला 'तेर्गो' म्हणतात. मास्तर म्हणाले, मूळ अर्थ एकेक वेचून पाहणं. म्हणून पोलिसांच्या चौकशीलाही हाच शब्द. विचारायला नको होतं. घरी आलो तर अयझादा तांदूळ निवडत होती. मधूनमधून माझ्याकडे बघत होती.

६ जून
प्लॅन : तिच्यासमोर घोडा दौडवणे. 'घोडेस्वार' आपोआप सुचेल. नऊ फेऱ्या मारल्या. तिने आईला विचारलं, "भाऊजींचं काही हरवलंय का?" पाठ धरली आहे.

७ जून
तोकोनचा टर्की कोंबडा अंगणात घुसला. गोठ्याचं छप्पर तपासायचं राहिलंच होतं, म्हणून वर चढलो. तो खाली उभा राहिला. तासभर. अयझादा बाहेर आली. माझं नाव घेता येईना, नवं अजून ठेवलेलं नाही. शेवटी गल्लीभर ओरडली, "अहो धावा! आमचे ते, कोंबड्याला भिऊन छपरावर बसलेले, त्यांना उतरवा!"

तोकोन शिडी घेऊन आला. म्हणाला, "उतर रे बाबा. तीस वर्षांनी आज सुटलो मी!"

८ जून
अयझादा वाकून पाया पडली. म्हणाली, "भाऊजी, मी 'घोडेस्वार'च ठरवलं होतं हो. पण आता कोण ऐकतंय?" दुधवाली दारात विचारून गेली, "छपरावरचे आहेत का घरी?"

घरातला थोरला म्हणून रविवारी मेंढ्याच्या डोक्याचं मानाचं ताट मला. दोनशे माणसांत नाव पुकारून देतात. पुकारणार तोकोन. कुंपणापलीकडे सकाळपासून प्रॅक्टिस चालू आहे. आवाज खणखणीत लागलाय.