अर्धी सुपारी

२७ मे १९६२, रविवार. दुपार.
काल खुशालरावच्या मळ्यात रोडग्यांची पार्टी. मोहाची थोडी घेतली. थोडीच. आज डोकं दुखतंय ते उन्हानं. अकोल्याचा मे महिना. तरी रिझोल्यूशन: यापुढे बंद.
घरी कसा आलो आठवत नाही. म्हणजे कुणीतरी नीट आणून सोडलं असणार. कंपनी सभ्य होती.

संध्याकाळ.
कालच्या शर्टाच्या खिशात अर्धी सुपारी सापडली. तोंडाला चव नव्हती, चघळली. आमची रमा कातरते तशी बारीक नव्हती, पण बरं वाटलं.

२८ मे.
ऑफिसात भगवंत भेटला. तोही पार्टीत होता. म्हणाला, पेढे कवा देता साहेब? पाच माणसांदेखत सुपारी फोडली तुमी, पोरगी खुशालरावच्या भावाले दिली. मी हसलो. भाऊ म्हणजे केशवराव, बिजवर, चाळिशीचा. रमाला तर जूनमध्ये अमरावतीला जायचंय, मास्तरणीच्या ट्रेनिंगला. सीट मिळाली आहे. मी असं बोलेनच कसा?
शिवाय सुपारी मी खाल्ली. पुरावा संपला.

२९ मे.
खुशालराव स्वतः आला. दुसरी अर्धी रुमालात बांधून. आमच्या सौ. सिंधूनं पाणी दिलं, चहा दिला नाही. तो गेल्यावर म्हणाली, पोरीले इचारलं तरी होतं का? मी म्हटलं, पुरुषांची बोलणी आहेत, मीच निस्तरतो. रमा दाराआड उभी होती. तिचा माझ्यावर विश्वास आहे, दिसलं मला.

३१ मे.
प्लॅन पक्का. रविवारी मळ्यात जायचं, उभ्याउभ्याच सांगायचं: नशेतली गोष्ट, सोडून द्या. तिथं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

३ जून, रविवार.
गेलो. त्यांनी बसवलं. नाही म्हणायला घसा ओला हवा, म्हणून एकच घेतला. मग खुशालराव म्हणाला, शब्द फिरवाची औलाद नाही तुमची. मी म्हटलं, मुळीच नाही.
लग्न बावीस जूनला.

४ जून.
सिंधूनं आज मलाही चहा दिला नाही. ट्रेनिंगसाठी आणलेली पांढरी पातळं रमानं ट्रंकेतून काढून आईजवळ दिली. म्हणाली, तूच नेस आता. रडली नाही. समजूतदार पोरगी, सुखी होईल.
रोज जेवण झालं की ती अडकित्त्यानं सुपारी कातरून देते. आज अख्खीच समोर ठेवली. म्हणाली, फोडा बाबा. तुमाले येते.
बराच वेळ तोंडात धरून बसलो. दात लागेना.