पेशीबाहेरचा उजेड

३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद. आत्याची कर्करोगाची गाठ वाढल्याचं वाचून ताट बाजूला सारून लिहायला बसले. तू विचारलंस, मी प्रयोगशाळेत नेमकं करते काय. पॅलेडियम धातूचे अतिसूक्ष्म कण जिवंत पेशींत सोडते. औषध कुलूपबंद द्यायचं आणि धातूने ते फक्त गाठीच्या पेशींत उघडायचं, म्हणजे बाकी शरीराला त्रास नको. सध्या औषधाऐवजी रंग वापरतो. कुलूप उघडलं की तो हिरवा चमकतो.

परवा चमकला! आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर नाचायचेच बाकी होते. मी पेशी धुऊन पुन्हा पाहिल्या, तर आत काळोख. उजेड सगळा धुवणाच्या पाण्यात. धातू बाहेर गळून बाहेरच कुलपं उघडत होता. खरं औषध असतं तर विष अंगभर पसरलं असतं. सरांना सांगितलं, तर चहा ढवळत म्हणाले, न धुतलेल्यांचेच फोटो छापायला पाठवू. शिसारी आली गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पेपरात नव्या औषधाच्या बातमीसोबत तुझ्या सरांचा फोटो आलाय. मागे तू, एरंडेल प्यायल्यासारखी! पण हसू टिकलं नाही. आत्याने इथले उपचार थांबवलेत. आमच्या पोरीचं औषध येतंय, असं डॉक्टरांना ठणकावून सांगते. माझं ऐकत नाही. तूच काहीतरी कर.

तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
चिमणी

१५ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. पेपरात आलंय ते औषध नाही, आत्या. माझ्यासाठी थांबू नकोस, उद्याच उपचार सुरू कर.

काल प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मी धुतलेल्या पेशींचे फोटो पडद्यावर लावले. सर हसून म्हणाले, हिला विषय नीट कळलेला नाही. आदल्या दिवशी, खरं ते दाखव म्हणून माझी पाठ थोपटणारे सगळे सहकारी मोबाइलमध्ये तोंड घालून बसले. सरांच्या छापायच्या लेखातून मी माझं नाव काढून घेतलं, प्रयोगशाळेतलं टेबलही गेलं.

रागाव, पण दूर लोटू नकोस.
तुझीच, मोठी

२२ मार्च

चि. मोठीस,
आशीर्वाद. पत्र वाचून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं. इथलं औषध महाघाणेरडं, पोटात पाणी ठरत नाही. पण घेतेय.

तुला आता तिथे काम नाही, तर इकडे ये. चिमणी फार सोज्वळ आहे. तुझ्या सरांना मनासारख्या शिव्या घालायला मला जोडीदार हवी.

येताना रडकं तोंड आणू नकोस.
तुझी आत्या