फुग्याची दाढी

४ तारीख, सोमवार

अकरा फुगे फुटले! वस्ताद म्हणाले, "माणसं असती तर एव्हाना दुकानाला कुलूप लागलं असतं."

फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने त्याची दाढी करायची – न्हाव्याचं काम शिकायचं तर आधी हे. फुगा टिकला की माणूस. पंधरा तारखेला वस्ताद स्वतः खुर्चीत बसणार. जमलं तर मी इथे पक्का, नाहीतर उचला बॅग. हा माझा सातवा धंदा. सगळीकडे हात थरथरले आणि मी पळालो. या वेळी पळणार नाही.

मंगळवार

ताईला फोन. आधी पोटभर हसली. "कामाला लागलास की श्वास कोंडतोस तू! सुईत दोरा ओवतानासुद्धा लालबुंद व्हायचास." मग हुकूम सुटले – चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. दात आवळू नकोस. संध्याकाळी पाय कोमट पाण्यात. सकाळी दहा मिनिटं नुसतं बस.

नुसतं! मी!

बुधवार

दुकानाबाहेरच्या बाकावर बसलो. तिसऱ्या श्वासाला समोरच्या भिंतीवर मांजर. इतक्या अरुंद जागेवर ती पाय टाकते कसा? बघत बघत तिच्यामागे गेलो... कामाला उशीर.

"काय राजे, ध्यान कुठवर पोचलं?"

"गल्लीच्या टोकापर्यंत."

८

शोध लागला! श्वास सोडताना वस्तरा चालवायचा, घेताना उचलायचा. सहाच फुटले.

वस्तादांचं मात्र कळत नाही. केस मशीनने कापतात, पण दाढीवाला आला की "वस्तऱ्याला धार नाही, उद्या या." धार तर मी रोज लावतो! चहाही अर्धाच कप घेतात. आळशी आणि वर चिक्कू.

११

आज नऊ फुटले. बॅग भरली. चेन ओढताना लक्षात आलं – श्वास कोंडलाय! सोडला. सहा मोजले. खांदे कानाला टेकले होते, ते खाली आले. आणखी एकदा. आणखी.

बॅग रिकामी केली.

१४

सलग बारा टिकले! तेरावा केवळ मिरवायला घेतला – फटाक!

"झालं समाधान?" वस्ताद म्हणाले.

१५

वस्ताद खुर्चीत. टाचा जमिनीवर, दात सैल, श्वास बाहेर – आणि वस्तरा. गाल झाले. गळ्यापाशी ते डोळे मिटून बसले, लहान मुलासारखे. एक ओरखडा नाही! आरशात खूप वेळ बघत राहिले. मग एवढंच, "दाढीची गिऱ्हाइकं आता तुझी."

ताईला कळवलं. ती रडली, वेडी.

१६

सकाळी बाकावर बसलो, तर वस्ताद शेजारी येऊन बसले. दोन्ही हात माझ्यासमोर धरले. पानं हलावीत तसे हलत होते. "वर्ष झालं. कुणाला बोललो नाही... ते तुझं चार-सहा मला शिकवशील?"

चार मोजले. सहा मोजले. समोर मांजर आली.

"अरे, ती बघ!"

"वस्ताद," मी म्हणालो, "श्वास."