केरूला विकत घ्यायचे राहून गेले

मी, तुळसा विठू पिलणकर, वय सत्तावन्नच्या आसपास, धंदा खराटे बांधणे, राहणार भाट्ये, तालुका रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला ताप नाही, मी शुद्धीवर आहे, कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी गोड बोलून बसवलेलेही नाही. वकील मजीदसाहेब म्हणाले, तू सांग, मी लिहून घेतो. मी नको म्हटले. एकदा माझे बोलणे दुसऱ्याने लिहून घेतले होते. त्याने अर्धेच लिहिले आणि त्या अर्ध्यावर माझा जन्म गेला. मराठी चौथीचे माझे अक्षर वाचता येण्याजोगे आहे.

१. घर माझ्या वडिलांनी मला दिलेले, चिऱ्याचे, दोन खोल्यांचे, पुढे अंगण, मागे चार माड. हे सर्व माझा मुलगा केशव ऊर्फ केरू विठू पिलणकर, राहणार सावर्डे, तालुका चिपळूण, याला मिळावे. अट काही नाही. त्याने विकले तरी माझी ना नाही. केशव हे नाव त्याला सावर्ड्यात ठेवले. केरू मी ठेवले.

२. सूप. माळ्यावर फडक्यात बांधलेले आहे. हेही केरूलाच. ते का ठेवले ते लिहिणे भाग आहे.

केरूच्या आधी माझी तीन मुले गेली. एकालाही वर्ष पुरे झाले नाही. चौथ्या वेळी सासूने सांगून ठेवलेला उपाय करायचे ठरले. बाराव्या दिवशी सकाळी मूल सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवायचे. आईने मागे न बघता घरात जाऊन दार लावायचे. जिची मुले जगली आहेत अशा बाईने ते उचलून दारात आणायचे आणि आईने मूठभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचे. मग ते मूल केरातले, दुसऱ्याकडून घेतलेले. त्याला न्यायला कोणी येत नाही. आमच्या किनाऱ्यावर केरू नावाचे जेवढे आहेत ते सगळे असेच जगलेले आहेत.

उचलायला शेजारची मथुरा शिवलकर यायची होती. तिची चार मुले होती, चारही धडधाकट. आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, "तू दार लाव आनि गप ऱ्हा. उनं वर यायच्या आदी मी येते."

सन १९३३ चा मार्गशीर्ष होता. त्या सकाळी होड्या बांगड्याने भरून आल्या. मथुरा पाटी घेऊन आधी किनाऱ्यावर गेली. मी दाराआड मुठीत कोंडा धरून उभी होते. केरू रडू लागला. उन्हे वर आली तरी तो रडत होता. मी दार उघडले नाही. उघडले तर उपाय मोडेल आणि हाही जाईल, ही भीती होती. देशावरून नुकतेच बदलून आलेले एक हवालदार त्या वाटेने चालले होते. ते मथुरेच्या आधी पोचले.

मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी लिहिले, "मूल केरात ठेवले व दार लावून घेतले." तिथेच थांबले. मी सही केली, कारण लिहिलेले खोटे नव्हते. पुढचे लिहिलेले नव्हते, एवढेच. पिनल कोडाचे कलम ३१७, बारा वर्षांखालील मूल उघड्यावर टाकणे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. अकरा दिवस कोठडीत होते. दूध भिंतीवर पिळून टाकले.

३. तांब्याचा हंडा हफीजाच्या मुलीला, रझियाला. हफीजा मागल्या आळीतली. कोर्टात माझ्या बाजूने ती एकटी उभी राहिली आणि म्हणाली की ही रीत मी लहानपणापासून बघत आले आहे. तुमच्यात ही रीत नाही, तुम्हाला काय ठाऊक, असे सरकारी वकिलांनी विचारले. ती म्हणाली, शेजार आहे, डोळे आहेत. हफीजा गेल्या साली वारली. हंडा तिला हयातीतच द्यायला हवा होता. ही चूक माझी.

४. मजीदसाहेबांना द्यावे असे माझ्यापाशी काही नाही. खटल्यात तेच माझे वकील होते. त्यांनी मला सांगितले होते की या कलमाला मुलाचा कायमचा त्याग करण्याचा हेतू लागतो. तुझा हेतू तसा नव्हता हे सांगू शकेल अशी एकच बाई आहे, जी उचलायला येणार होती ती. मथुरेला बोलावले. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मला काय ठावं नाय. माजा नि हिचा काय संबंद नाय." मूल विकण्याचा गुन्हा तुझ्यावर येईल, असे तिच्या नवऱ्याने तिला घरून पढवून पाठवले होते. हे मला हफीजाकडून कळले.

मग सरकारी वकिलांनी मला विचारले, "मूल रडत होते ते तुला ऐकू येत होते?"

"होय."

"मग दार का नाही उघडलेस?"

"उघडलं असतं तर तो मेला असता," मी म्हटले. मागल्या बाकावर माणसे हसली. ते हसणे मी अजून विसरलेले नाही आणि विसरणार नाही.

५. निकालाची नक्कल माझे मोठे दीर भिकाजी पिलणकर, सावर्ड्याचे दुकानदार, यांना द्यावी. तीत लिहिले आहे की आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येत आहे. फायदा कोर्टाने दिला, संशय भिकाजींनी ठेवून घेतला. खटला चालेपर्यंत मूल त्यांच्या ताब्यात होते. माझे यजमान विठू तेव्हा बोटीवर होते. भिकाजींचे पत्र त्यांना आधी पोचले, माझे नंतर. बाप कायद्याने पालक, त्याने मूल भावाकडेच राहू दे असे लिहून दिले. यजमान पुढे मुंबईतच राहिले आणि तिथेच वारले. मी निर्दोष सुटले, पण मूल सुटले नाही.

भिकाजींना माझा एकच प्रश्न आहे. तुमचे नाव भिकाजी का? तुमच्या आधीची दोन भावंडे गेली म्हणून सासूने तुम्हाला पदरात भीक मागून घेतले होते. माझा उपाय त्याच बाईने मला शिकवला. हे तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही कोर्टाच्या बाहेर छत्री मिटून उभे होतात आणि आत आला नाहीत. माझ्या तिरडीला तुमचा हात लागू नये.

६. कोयता, माडाच्या झावळीचे हीर सोलायची सुरी आणि बांधून ठेवलेले खराटे ज्याला हवेत त्याने न्यावेत. मला सुईणीचे काम येत होते. खटल्यानंतर कोणी आपले मूल माझ्या हातात दिले नाही, म्हणून खराटे बांधले. गावाचा केर माझ्या खराट्यांनी निघाला.

७. केरू तीन वर्षांपूर्वी एकदाच आला. तेव्हा एकवीस वर्षांचा, अंगात पांढरा शर्ट, बापासारखे कान. अंगणात उभा राहिला, बसला नाही. म्हणाला, "मला एकच विचारायचं आहे. मी रडत होतो ते तुम्हाला ऐकू येत होतं?"

मी होय म्हटले. माझ्या तोंडून खोटे निघेना. पुढचे ऐकायला तो थांबला नाही, सावर्ड्याची गाडी होती. मला फार राग आला, त्याचाही आला. आईला तुम्ही म्हणतात काय?

म्हणून विनंती की हे मृत्युपत्र मजीदसाहेबांनी त्याला माझ्या अंगणात, केराचा ढीग होता त्या जागी बसवून वाचून दाखवावे, आणि शेवटची ओळ होईपर्यंत उठू देऊ नये. त्या दिवशीचा कोंडा सुपात पुरचुंडी बांधून ठेवलेला आहे. किड्यांनी खाल्ला असेल. विकत घ्यायचे राहिले, पण मूठ मी सोडली नव्हती, एवढे त्याला कळावे.

८. मथुरेला काही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न दिलेले बरे, असे मजीदसाहेब म्हणाले. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, ते आहेत. तिसरी जागा मथुरेची. तिला निरोप पाठवला आहे. चोवीस वर्षे आम्ही एका विहिरीवर पाणी भरले आणि एक शब्द बोललो नाही. ती येईल की नाही ठाऊक नाही. न आल्यास जागा कोरी ठेवावी आणि ती कोरी जागाही केरूला दाखवावी. आल्यास तिला लिहिता येत नाही. ती बोलेल ते मजीदसाहेबांनी लिहावे, पण पूर्ण लिहावे.

हे सर्व मी वाचून पाहिले. अर्धे काही ठेवलेले नाही.

मुक्काम भाट्ये, तारीख १७ मार्च १९५८.

सही: तुळसा विठू पिलणकर

साक्षीदार:

१. अब्दुल मजीद मुकादम, वकील, रत्नागिरी. सही.

२. रघुनाथ गोपाळ नार्वेकर, वकिलांचे कारकून. सही.

३. मथुरा बाळा शिवलकर, राहणार भाट्ये. तारीख १८ मार्च, सकाळी. बोलली तसे लिहिले: "त्या दिशी केरूला उचलायला मीच जानार होते. बांगडा आला म्हनून मी आदी दर्यावर गेले. कोर्टात खोटं बोल्ले. तुळसानं पोराला टाकलान नाय. दार लावून ती माजी वाट बगत होती."

निशाणी डाव्या हाताचा अंगठा.