गाठोड्यातल्या सुया

३ मार्च, मंगळवार

टोचली! हातमोज्यातून आरपार, उजव्या हाताच्या मधल्या बोटात. सकाळच्या पहिल्याच गाठोड्यात, चादरीच्या चुणीत लपून बसली होती. कुठल्या पेशंटच्या अंगातून निघालेली सुई, देव जाणे.

बोट नळाखाली धरलं आणि तशीच सुपरवायझरकडे गेले. त्याला आम्ही 'होऊन जाईल' म्हणतो. मशीन गळतंय म्हणा, पंखा बंद आहे म्हणा, उत्तर एकच. आज रक्त दाखवलं तर म्हणतो, "जरा बघून काम करत जा ना." बघून! दिवसाला तीनशे चादरी, रक्तानं आणि कशाकशानं भरलेल्या, आणि मी भिंग घेऊन बसू?

हॉस्पिटलच्या तळघरात, हॉस्पिटलचेच कपडे निवडताना टोचलं, तरी रक्त तपासायला वर रांगेत दोन तास उभी. आज एकदा तपासलं. पुन्हा दीड महिन्यानं, मग तीन महिन्यांनी. तोवर जीव टांगणीला!

४ मार्च

ह्यांना सांगितलं. सासूबाईंना नाही, त्या हाय खातील. हे म्हणाले, "याआधी कधी टोचली होती?" चार वेळा, म्हटलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "मग बोलली का नाहीस?"

लाँड्रीत अकरा वर्षं झाली मला. कोण बोललंय तिथं?

नणंद त्याच हॉस्पिटलात, वर सात नंबर वॉर्डात सिस्टर आहे. हे म्हणतात तिला विचार, सुया चादरीत येतात कशा. मी नाही विचारणार! पांढरे कपडे घालून मिरवायचं, सुई टोचायची आणि दिली चादरीत टाकून. खाली निवडणाऱ्या आहेतच मरायला.

६ मार्च

निवडायच्या टेबलावर आम्ही आठजणी. आज जेवणाच्या सुट्टीत एकेकीला विचारलं. आठच्या आठ! उंचीला गेल्या महिन्यात दोनदा. (ती खांबासारखी उंच म्हणून उंची, तिलाही चालतं.) नवी आली तिला तिसऱ्याच दिवशी. मावशी आमच्यात सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, "मोजायचं सोडलं गं मी." आणि डबा बंद करून हात धुवायला गेली.

मोजायचं सोडलं! तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागावणार कुणावर? मावशीवर?

९ मार्च, सोमवार

'होऊन जाईल'ला म्हटलं, वर कळवा. तो म्हणे, कुठल्या वॉर्डातून आली ते सांगता येतं का तुम्हाला? गाठोडी सगळी एकत्र येतात, मग कुणाचं नाव घेणार? आणि हसला. तो हसला ते मला जास्त टोचलं.

दुपारी घड्या घालताना बघत होते. चादरीच्या कोपऱ्यावर वॉर्डाचा शिक्का! अकरा वर्षं रोज तो कोपरा माझ्या हातातून जातो. डोक्यात कधी आलं नाही! सुई ज्या चादरीत, तिचा कोपरा बघायचा. एवढंच!

साबणाच्या पावडरीचा रिकामा जाड डबा घेतला. सुई सापडली की चिमट्यानं डब्यात, वॉर्डाचा नंबर भिंतीवरच्या कागदावर. उंची म्हणाली, "आणि नोकरी गेली की तू पोसणार?" तिचं चूक नाही. आम्ही ठेकेदारानं कामाला लावलेल्या बायका. 'उद्यापासून येऊ नका' एवढं म्हटलं की संपलं.

पण संध्याकाळी डब्यात तीन सुया होत्या. त्यातली एक उंचीनंच टाकली.

१२ मार्च

अकरा.

१६ मार्च

'होऊन जाईल'नं भिंतीवरचा कागद फाडला. म्हणे, इथं तपासणीला लोक येतात, बरं दिसत नाही. सुया आलेल्या बऱ्या दिसतात! मावशीनं दुसरा कागद आणला आणि आपल्या झग्याच्या आतल्या बाजूला पिन लावून टाचला. म्हणाली, "फाड म्हणावं आता."

इतकी वर्षं मी मावशीला मुकी समजत होते.

१९ मार्च, गुरुवार

एकतीस सुया. त्यातल्या सतरा एकट्या सात नंबरच्या.

नणंदेचा वॉर्ड. कागदावरचे आकडे पुन्हा मोजले. सतराच. हे म्हणाले, "जरा जपून. घरात राहायचंय आपल्याला." मी उसळले! सुई टोचताना घरची-बाहेरची बघते का? सात नंबर लिहिणार, म्हणजे लिहिणार.

२० मार्च

अर्ज तयार. नवीचं अक्षर चांगलं, तिनं लिहिला. प्रत्येक वॉर्डाचा आकडा, तारखा, सगळं.

सही करायची वेळ आली आणि एकेकीचा पदर, एकेकीचं कपाट, एकेकीचं घड्याळ एकदम महत्त्वाचं झालं! "आधी तिची होऊ दे." "घरी विचारून सांगते." एवढीशी सही! हात झडतो का? टोचून घ्यायला तयार, नाव लिहायला नाही! मी चिडून वाटेल ते बोलले. भित्र्या म्हटलं. मावशी माझ्याकडे बघत राहिली, कसं तरीच, आणि म्हणाली, "तू कर आधी. मग बघ."

केली. मोठ्या अक्षरात, सगळ्यांच्या वर. मग नवीनं केली. मग मावशीनं अंगठा. मग उंची. आठही झाल्या. अर्ज आणि डबा, दोन्ही हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. डबा बघून साहेबांनी खुर्ची मागं सरकवली.

२४ मार्च, मंगळवार

'होऊन जाईल' आज हसत आला. "तुमची तक्रार मान्य झाली! सात नंबरच्या सिस्टरला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं."

कोणत्या सिस्टरला, हे विचारायची गरज नव्हती.

आम्ही माणूस मागितलं होतं का? सुया टाकायला जागा करा म्हटलं होतं, शेवटच्या ओळीत, स्पष्ट! ती ओळ कुणी वाचलीच नाही. एक बळीचा बकरा सापडला, फाईल बंद!

नणंदेचं घर दोन गल्ल्या सोडून. गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. "झालं समाधान तुमचं?" तुमचं! नऊ वर्षांत मला कधी अहो-जाहो केलं नाही तिनं. "वर येऊन एकदा बघितलं असतंत तर बरं झालं असतं, वहिनी."

दार लावून घेतलं. चुलीत जाऊ दे, म्हणत घरी आले. पण ते वाक्य काही जाईना.

२५ मार्च

वर गेले. धुतलेल्या चादरींचा गठ्ठा हातात घेतला की कुणी अडवत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा सात नंबर बघितला.

बेचाळीस खाटा. दोन सिस्टर. सुया टाकायचा डबा एकच, पार त्या टोकाला, मोरीजवळ, आणि तोही गळ्यापर्यंत भरलेला! एक सिस्टर सलाईन काढत होती. सुई हातात, आणि पलीकडच्या खाटेवरची बाई ओकायला लागली. सिस्टर काय करणार? ट्रे खाटेवर ठेवला आणि धावली. ट्रेमधली सुई घरंगळली ती चादरीत. माझ्या डोळ्यांसमोर!

ती मीच उचलली. तेवढ्या एका सुईसाठी वॉर्डाचं टोक गाठून परत आले. बेचाळीस वेळा कोण जाईल?

मग शिव्या कुणाला घातल्या मी इतके दिवस?

२६ मार्च

टेबलावर सांगितलं, आपण दुसरा अर्ज करायचा. सिस्टरला परत घ्या आणि डबे लावा.

उंची भडकली. "तुझी नणंद, म्हणून! माझी असती तर गेली असतीस वर?"

तोंडावर आलेलं उत्तर गिळलं. खरं सांगितलं — नसते गेले. नणंद नसती तर घरी जाऊन खुशाल झोपले असते. मग म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. गठ्ठा घ्या आणि वर जाऊन बघून या. एकेक.

दुपारपर्यंत सगळ्या जाऊन आल्या. उंची सगळ्यांत शेवटी. आल्यावर बराच वेळ हातमोजेच घालत बसली. "त्या पोरीला पाणी प्यायलाही कुणी सोडेना," एवढंच म्हणाली.

३० मार्च, सोमवार

गाठोडी उघडली नाहीत! शुक्रवारी दिलेल्या दुसऱ्या अर्जाला उत्तरच आलं नाही, म्हणून.

पेशंटचे हाल करायचे नाहीत, हे मावशीनं आधीच बजावलं होतं. म्हणून ऑपरेशनचे आणि बाळंतिणींचे कपडे शनिवारीच जास्तीचे धुऊन ठेवले. आज सकाळी आठजणी टेबलाला पाठ लावून उभ्या. गाठोडी दारापर्यंत साठली. 'होऊन जाईल' तीनदा आला, ठेकेदाराचं नाव घेतलं, घाम पुसला. मी म्हटलं, "काळजी करू नका. होऊन जाईल." उंची इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

आठ चुली माझ्या शब्दावर, आणि मी कोण? निवडणारी बाई!

अकराला जिन्यावर पावलं वाजली. वाटलं, आले बाहेर काढायला. तर सिस्टर! ड्यूटी संपलेल्या, रात्रपाळीच्या. बारा-तेराजणी. तळघरात कधी न आलेल्या. त्यांनीही कागद आणला होता, सह्यांसकट. एकीनं टेबलावरच्या चादरीला हात लावला, मागं घेतला आणि म्हणाली, "आम्हाला माहीतच नव्हतं, हे असं हातानं निवडता."

साहेब दुपारी आले. नाकाला रुमाल! रुमाल काढा साहेब, आम्ही रोज हाच वास घेतो, असं म्हणाले मी. खरंच म्हणाले! काढला त्यांनी.

२ एप्रिल

दर चार खाटांना एक डबा. जाड हातमोजे. टोचलं तर रांगेशिवाय तपासणी. नणंद कालपासून कामावर. ठेकेदारानं मला 'बघून घेतो' म्हटलंय. बघ म्हणावं! आज सबंध दिवसात एकच सुई.

एकही नको होती. सांगून आले वर जाऊन.

५ एप्रिल, रविवार

नणंद आली होती. चहा झाल्यावर सहज म्हणाली, "वहिनी, तुला आठवतं? सहा वर्षांपूर्वी मी खाली आले होते. मला सुई टोचली होती तेव्हा. डबे हवेत म्हणून कागद केला होता, लाँड्रीच्या सह्या मागायला आले होते. तू म्हणालीस, वरची भांडणं वर मिटवा."

मी म्हटलं, नाही गं आठवत.

आठवतं. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. पेन तिनं माझ्या हातात दिलं होतं. टेबलावरच्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी काय करते ते. मी पेन खाली ठेवलं आणि चादर उचलली. मग त्यांनीही उचलल्या.