खुर्चीच्या मागच्या पायावरची बुरशी आणि माझे टेबल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त बुरशीशास्त्रज्ञ, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे ऑपरेशननंतर पूर्वीपेक्षा बरे आहेत आणि हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न धाकट्या दिरांनी केला होता. त्यांना चहा पाजून वाटेला लावले. हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. दुसरे लिहायची हौस नाही.

कलम १. राहते घर दिरांना मिळावे. मागचे अंगण मात्र त्यांना मिळणार नाही. त्याचा ताबा माझ्या विद्यार्थिनीकडे राहील. ते अंगण कोणी झाडू नये, धुऊ नये, आणि तिथे फिनेलची बाटली तर दाखवूही नये.

कलम २. अंगणात भिंतीलगत एक लाकडी आरामखुर्ची कुजत पडली आहे. ती आमच्या ह्यांची. हे गेले, तेव्हा ती घरात बघवेना आणि टाकूनही देववेना, म्हणून बाहेर ठेवली. मी नोकरीभर जंगले पालथी घातली, कुजके ओंडके उलथले, जळवा अंगावर घेतल्या. एक नवी जात हाती लागली असेल तर शपथ. आणि दुसऱ्या पावसाळ्यात ह्यांच्या खुर्चीच्या चारही पायांवर करडी, नखाएवढी, पंख्याच्या आकाराची बुरशी उगवली. काखेत कळसा नि गावाला वळसा! ओरखडा काढला की तिची खालची बाजू निळी पडते. तिचे बीजाणू, म्हणजे तिची बी म्हणा, सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी दिसतात. तिच्या साऱ्या बहिणींचे गुळगुळीत असतात. ह्यांच्या खुर्चीवर काटेरीच काहीतरी उगवणार, याचे मला नवल वाटले नाही.

कलम ३. आमच्या विभागाच्या माजी प्रमुखांना माझे तडा गेलेले भिंग द्यावे. मी नमुना दाखवायला नेला तेव्हा त्यांनी तो हातातही घेतला नाही. "बाई, ही जुनीच जात आहे. घरातल्या बुरशीचं कसलं कौतुक करताय?" असे म्हणाले. पुढे विद्यार्थिनीने डीएनए तपासून घेतला आणि तो कुठल्याच नोंदलेल्या जातीशी जुळेना, तेव्हा साहेब स्वतःच्या पायांनी माझ्या घरी आले. आमच्या शास्त्रात शोधणाऱ्याने जातीला स्वतःचे नाव द्यायचे नसते, दुसऱ्याचे द्यायचे असते. साहेब म्हणाले, "तसं माझं नाव सुटसुटीत आहे हो." मी बुरशी नाकाशी धरली आणि म्हटले, "हिला घाण वास नाही साहेब, नाहीतर नक्की दिलं असतं." चहा अर्धा टाकून गेले. भिंग त्यांना लखलाभ होवो.

कलम ४. दिरांना घर का, असे माझी पुतणी, थोरल्या दिरांची मुलगी, विचारील, म्हणून सांगते. मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले असताना हे गृहस्थ तारेचा ब्रश आणि वाळवीचे औषध घेऊन अंगणात उतरले. मी एका डोळ्याला पट्टी बांधून घरी आले, तर दारातच उभे. "वहिनी, दादाची खुर्ची बघा कशी लखलखीत केली! भाऊ गेला आणि खुर्ची कुजवत ठेवली, लोक काय म्हणतील?" संग्रहालयात सुकवलेला एक नमुना होता, पण जिवंत बुरशी आम्हाला ठाऊक होती ती एवढीच. प्रयोगशाळेच्या बशीत ती धरत नाही, आणि खुर्ची ज्या झाडाची, त्याच जातीच्या झाडांचे ओंडके आम्ही धुंडाळले, तिथेही ती सापडली नाही. मी उरलेल्या डोळ्याने रडले. मग कळले, की भिंतीकडच्या मागच्या पायाशी वाकताना दिरांची पाठ धरली आणि तो एक पाय तसाच राहिला. मनुष्य मनाने वाईट नाही. त्यांना घर दिले आहे ते भावजय म्हणून. शास्त्रज्ञ म्हणून मी फक्त त्यांच्या पाठीची आभारी आहे.

कलम ५. नाव ह्यांचेच दिले. संसारभर ऐकत आले, "तू माझ्यापेक्षा त्या बुरशीकडे जास्त बघतेस." आता एकाच वेळी दोघांकडे बघता येते. मला ह्यांची फार आठवण येते. ही गोष्ट कायद्याच्या भाषेत कशी लिहायची ते वकिलांनाही सांगता आले नाही, म्हणून साधीच लिहिली आहे.

कलम ६. माझे लिहायचे टेबल. लग्नानंतर सुताराने खुर्ची आणि टेबल एकाच झाडाच्या फळ्यांतून केले होते. पुतणी ते पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवणार आहे. मागच्या भेटीत तिने माझ्यादेखत टेपने मापही घेतले. तिला खणांच्या पितळी मुठी द्याव्यात. टेबल तिला मिळणार नाही, दिरांना नाही, कोणालाच नाही. खुर्चीचा तो मागचा पाय आता बोटाने दाबला तरी भुगा होतो. लाकूड संपले की बुरशी संपली, आणि तिच्याबरोबर ह्यांचे नाव फक्त कागदावर उरेल. मला ते चालणार नाही. म्हणून टेबल बुरशीला द्यावे. त्या पायाला चिकटून, उघड्यावर ठेवावे आणि तोंड खुर्चीकडे करावे. जन्मभर मी या टेबलाशी ह्यांच्याकडे पाठ करून बसले आणि जन्मभर ह्यांनी ती तक्रार केली. आता तरी कुरकुर थांबेल.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि मला ते पटले.

सही

साक्षीदार:
१. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई
२. डोळ्यांचे डॉक्टर ("बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मला टेबलाची एक बाजू धरायला लावली.")

दिनांक: १४ ऑक्टोबर

स्थळ: मागचे अंगण. मी मरेपर्यंत थांबायला बुरशीला सवड नाही, म्हणून साक्षीदारांकडून टेबल आजच बाहेर काढून घेतले. सही त्याच्यावरच केली आहे, खुर्चीकडे तोंड करून.