दुरुस्त केलेला शेवट

दि. ४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझा सिनेमा परवा आमच्याकडे लागला आणि काल त्याचं परीक्षण तपासायला माझ्याच टेबलावर आलं. बावीस वर्षं या दैनिकात मुद्रितं तपासतेय, पण एकच परीक्षण तीनदा वाचलं ते कालच. विक्षिप्त पण लाघवी सिनेमा आहे म्हणे. सहा महिन्यांच्या बदलीवर गेलेल्या माणसाच्या सायकलीत दर रविवारी हवा भरणारी, स्वतःला सायकल न येणारी बाई कुठे असते का, असं विचारून वर लिहिलंय की असायला हवी. मी मान खाली घालून हसले. शेजारी बसणाऱ्या जाहिरातवाल्याला काय ठाऊक, ती सायकल अजून माझ्या जिन्याखाली आहे ते! बाकी दोन पेपरांपैकी एकाने तुला डोक्यावर घेतलंय, दुसऱ्याने नाक मुरडलंय.

आता आमच्या समीक्षकांची गंमत ऐक. शेवटी तो माणूस परत येतो आणि दोघं डबलसीट जातात, असं चक्क ठोकून दिलंय! याच शेवटामुळे सिनेमा तरला म्हणे. मध्यंतरानंतर स्वारी झोपली असणार. ते सकाळीच परगावी गेलेले आणि पान छपाईला सोडायची वेळ झालेली. मी तुझ्या संकलनाच्या खोलीत बसून सिनेमा पाहिलाय. ती हवा भरते, हात पुसते आणि कामाला जाते. संपादकांना तसं ठामपणे सांगितलं, चार ओळी खोडल्या आणि खरा शेवट लिहिला. दिग्दर्शक माझा भाऊ आहे हे मात्र सांगितलं नाही. उगाच वशिल्याचा वास नको.

थिएटरात अजून गेले नाही. एकटीने जाऊन काय करायचं? तू ये, मग जाऊ. इथे सगळं नेहमीसारखं. जेवणाच्या वेळा सांभाळ. माया आहेच, पण ती अधूनमधून पत्राने मागावी लागते, हे विसरू नकोस.

तुझी
ताई


दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. समीक्षक झोपले नव्हते, ताई. शेवट मी बदललाय.

बाई शेवटी एकटीच राहणार असेल तर एकही थिएटर मिळणार नाही, असं वितरकाने सांगितलं. तीन महिने मी नाही म्हणत राहिलो आणि मग दोन दिवसांत नवा शेवट चित्रित केला. तुला कळवायला चारदा बसलो, चारही कागद फाडले. जुना शेवट बघून तू डोळे पुसले होतेस आणि म्हणाली होतीस की अगदी असंच झालं. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होतो? तुझी गोष्ट घेतली ती घेतली, वर तुला न विचारता मोडली.

तुमचं परीक्षण इकडे चेष्टेचा विषय झालंय. तुमच्या समीक्षकांनी फोनवर माझी हजेरी घेतली. त्यांना वाटतं, मीच कुणाला तरी हाताशी धरून ओळी बदलायला लावल्या. मी गप्प बसलो, नाहीतर तुझं नातं बाहेर आलं असतं. तुझ्या नोकरीवर तर गदा येणार नाही ना? सारखा तोच घोर लागलाय.

एवढंच ऐक, सिनेमा बघायला जाऊ नकोस. हवं तेवढं रागाव, पण पत्रातून रागाव.

तुझा अपराधी
बारक्या


दि. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. आता पोस्टमनच मला बघून लांबूनच नकाराचा हात हलवतो.

काल इथल्या साप्ताहिकात आलंय की दीड तास जिवापाड जपलेल्या बाईला दिग्दर्शकाने शेवटी घाबरून दगा दिला. वाक्य जिव्हारी लागलं. पुढच्या महिन्यात सिनेमा आणखी सहा गावांत लागणार आहे आणि जुना शेवट डब्यात शाबूत आहे. तू म्हणालीस तर तिथे तोच लावतो. वितरकाशी भांडेन, थिएटरं कमी झाली तर होऊ देत. तू फक्त हो म्हण.

लोभ उरला असेल तर दोन ओळी लिही, नसेल तर एक तरी.

बारक्या


दि. २६ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

रागावले होते, म्हणून लिहिलं नाही. आधी नोकरीचं सांगते. आमच्या पेपरने दिलगिरी छापली आणि तिचं मुद्रितही तपासायला माझ्याकडेच आलं. एक स्वल्पविराम घातला आणि पाठवून दिलं. समीक्षक अजून बोलत नाहीत. मला सिनेमाच्या पानावरून काढून हवामान आणि छोट्या जाहिरातींवर बसवलंय. काम सोपं आहे, दिवस मात्र लांब वाटतो.

तू जाऊ नकोस म्हणालास, म्हणून बुधवारी दुपारच्या खेळाला गेले. आम्ही सगळे मिळून अकराजण होतो. तो येतो, पिशवी खाली ठेवतो आणि तिच्याकडे बघायच्या आधी अंगठ्याने टायर दाबून बघतो. सगळे हसले. मीही हसले आणि मग मला हुंदका आवरेना. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून रुमाल दिला.

बारक्या, जुना शेवट बघून मी म्हणाले होते की असंच झालं. तसंच व्हायला हवं होतं, असं कधी म्हणाले? तूही विचारलं नाहीस. साप्ताहिकवाल्यांना काय लिहायचं ते लिहू दे. सहाही गावांत नवाच शेवट लाव. तिथे तरी तो येऊ दे.

बाहेर पडताना राहवलं नाही. दारावर तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्याला सांगून टाकलं की ती बाई म्हणजे मी. त्याला केवढा आनंद झाला! म्हणाला की मग साहेबांनाही बरोबर आणायचं होतं. मी सांगितलं की त्यांना बरं नाही, घरी पडून आहेत. माझी बस येईपर्यंत तो त्यांना काय द्यायचं, कसं जपायचं ते समजावत राहिला आणि मी सगळं नीट ऐकून घेतलं.

राग गेला. माया होती तिथेच आहे.

तुझी
ताई